दीड बोंबलाचा फरक

तीन दिवसांत मी एकशे पंच्याऐंशी किलोमीटर प्रवास केला आणि नौपाड्यातल्या माझ्या घरापासून तीस किलोमीटरच्या पलीकडे एकदाही गेलो नाही. लोक रजा काढून उटीला जातात, काश्मीरला जातात. मी वागळे इस्टेटीतल्या आमच्या स्प्रिंगच्या कारखान्यात तीन दिवसांची रजा टाकली आणि बाळकुमहून मोहन्याला गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोहन्यालाच गेलो.

"स्वेटर देऊ का बरोबर? की तिकडे बर्फ पडत नाही?" बायकोनं विचारलं.

बर्फ होता, आणि भरपूर होता. पण ते पुढे येईल.

ही गोष्ट नव्वद सालाच्या आगेमागची, डिसेंबरातली. हिरामावशी बाळकुमची कोळीण. आमच्या चाळीत ती वीस वर्षं दर बुधवारी आणि रविवारी डोक्यावर पाटी घेऊन यायची. पुढे पाटीची हातगाडी झाली, हातगाडीचा रिक्षा-टेम्पो झाला आणि त्या वर्षी तिनं चक्क नवाकोरा डिझेल पिकअप घेतला. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी सासरी. गाडी चालवायला जुन्नरकडचा सदाशिव नावाचा पंचविशीतला तरुण ठेवला आणि त्याला, त्याच्या बायकोला आणि सहा महिन्यांच्या मुलीला आपल्या घरामागची खोली राहायला दिली.

माझा या सगळ्याशी संबंध एवढाच की मी कॉस्टिंगला काम करतो आणि माझ्या स्कूटरच्या ॲव्हरेजची वही गेली नऊ वर्षं न चुकता ठेवत आलो आहे. चाळीत यावर विनोद होत असत. मावशीनं मात्र ती वही एकदा हातात घेऊन बघितली होती. लिहिता-वाचता येत नसलं तरी आकड्यांच्या ओळी एकाखाली एक नीट बसल्या आहेत हे तिला कळलं होतं.

एका रविवारी मासळी दिल्यावर ती निघाली नाही, आत येऊन बसली. पदराच्या गाठीतून पेट्रोलपंपाच्या पावत्यांचा गठ्ठा काढला.

"भाऊ, कंपनीवाला बोलला, गाडी लिटरला पंधरा देनार. माझी किती देते, जरा बघ."

मीटरचे महिन्याच्या सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे सदाशिवनं एका पावतीच्या मागे लिहून दिले होते. मी वजाबाकी केली. एक हजार सहाशे ऐंशी किलोमीटर. पावत्यांची बेरीज एकशे पंच्याहत्तर लिटर. भागाकार नऊ पूर्णांक सहा.

"पंधरानं चालली असती तर एकशे बारा लिटर लागलं असतं," मी म्हणालो. "त्रेसष्ट लिटर जास्त गेलंय. एक तृतीयांशाहून जास्त."

मी हे वाक्य चहाचा कप हातात धरून, सहज बोललो. मावशीचा चेहरा बघितला तेव्हा कप खाली ठेवला.

"म्हंजे इकतो तो," ती म्हणाली. "पोटच्या पोरासारका ठेवला, नि माझंच डिझेल इकतो."

डिझेल विकणारे ड्रायव्हर तेव्हा होते, ही काही हवेतली शंका नव्हती. त्याच संध्याकाळी तिनं सदाशिवला शनिवारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "काढायचं तर काढा मावशी, पण चोर म्हणून काढू नका. टेम्पो स्टँडवर हे नाव एकदा लागलं की मला ठाणे जिल्ह्यात कोणी स्टिअरिंगला हात लावू देणार नाही. ज्या काकांनी हिशेब केला त्यांना तीन दिवस माझ्या शेजारी बसवा. टाकीच्या झाकणाची चावी त्यांच्याच खिशात ठेवा."

मावशी निरोप घेऊन आली. रात्रभर मला झोप लागली नाही असं लिहीत नाही, लागली. पण सकाळी ऑफिसात पोचल्यावर आधी रजेचा अर्ज लिहिला.

मंगळवार: बाळकुम ते मोहने

पहाटे साडेपाचला मी बाळकुमला पोचलो. ठाण्यात राहून मी या गावात चार वेळासुद्धा गेलो नसेन. खाडीच्या बाजूला कौलारू घरं, दारात वाळत टाकलेली जाळी आणि ओल्या चिखलाचा वास. आमच्याकडे सकाळी दारात रांगोळी निघते. इथे बायका आधी बर्फ फोडतात, मग रांगोळी. लाकडी दांडक्यानं गोणपाटावरून बर्फाची लादी फोडायची, त्याचा चुरा टोपलीच्या तळाशी, वर मासळी, पुन्हा चुरा. ससून डॉकवरून आलेली पापलेटं आणि बोंबील एका बाजूला, गावच्या खाडीतली कोळंबी आणि चिंबोऱ्या दुसऱ्या बाजूला. मी मोजलं: अठरा टोपल्या आणि बर्फाच्या सहा लाद्या.

"वजन किती भरेल?" मी विचारलं.

"वजन कोन करतो?" मावशी म्हणाली. "गाडी बसली का भरली."

गाडी खरंच मागून बसली होती. सदाशिव उंच, किडकिडीत, स्वच्छ शर्ट घातलेला. त्यानं माझ्यासाठी सीट ओल्या फडक्यानं पुसून ठेवली होती. परिणामी माझी पँट पहिल्या पाच मिनिटांतच भिजली. मागून बर्फाचं पाणी येऊन चप्पल भिजली ती वेगळी.

आधी माजिवड्याच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. हे नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. डिझेलला फेस येतो आणि टाकी भरली असं वाटतं. म्हणून सदाशिवनं आणि पंपावरच्या माणसानं गाडी दोन्ही बाजूंनी धरून हलवली, फेस बसला, पुन्हा भरलं, पुन्हा हलवली. पातळी गळ्याच्या काठाला आली तेव्हा मी झाकण लावून चावी खिशात टाकली. संध्याकाळी याच पंपावर, याच जागेवर उभं राहून पुन्हा काठापर्यंत भरायचं. जेवढं मावेल तेवढं दिवसभरात जळलं. यात लबाडीला जागा नाही.

कशेळीच्या पुलावर खाडीवरून धुकं वर येत होतं आणि मिठागरं त्यात बुडाली होती. भिवंडीचे यंत्रमाग रस्त्यावरूनही ऐकू येतात, सगळं गाव एकाच वेळी सुपारी कातरत बसल्यासारखं. दुर्गाडीच्या पुलावरून कल्याणात शिरलो. मंडईत आठ टोपल्या उतरल्या. तिथं सदाशिवनं इंजिन बंद केलं नाही. मी घड्याळ बघितलं: सतरा मिनिटं.

"बंद का करत नाहीस?"

"मावशीचा हुकूम आहे. भरल्या गाडीचं इंजिन बंद करायचं नाही."

"कारण?"

"मलाही माहीत नाही काका. पहिल्याच दिवशी सांगितलेलं. विचारायची सोय आहे का?"

मोहन्याच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलं. एक मालगाडी गेली, मग एक मेल, मग पुन्हा एक मालगाडी. चौतीस मिनिटं आम्ही धडधडत उभे. फाटकापाशी एक बाई उकडलेल्या शेंगा विकत होती. सदाशिवनं दोन पुड्या घेतल्या, एक माझ्या हातात दिली आणि पहिल्यांदाच गाडीबद्दल सोडून काहीतरी बोलला. मुलीचं नाव अजून ठेवलं नाही म्हणाला. ओतूरला जाऊन बारसं करायचं होतं, शनिवारनंतर बघू.

मी शेंगा सोलत राहिलो.

मोहन्याला रेयॉनच्या जुन्या कारखान्याची पाळी सुटत होती. कामगार सायकली तिरक्या टेकवून थेट गाडीपाशी यायचे. इथं मासळी घ्यायला पुरुष येतात आणि घासाघीस करत नाहीत. थकलेला माणूस बोट दाखवतो आणि पिशवी पुढे करतो. उलट दुपारी डोंबिवलीत बायकांनी प्रत्येक पापलेटाचे कल्ले उघडून बघितले. एक चष्मेवाल्या बाई मला विक्रेता समजल्या.

"कालचं आहे का हो हे?"

"नाही, आजचंच. पहाटे साडेपाचला बर्फात घातलंय," मी अचूक माहिती दिली.

"बर्फातलं? मग ताजं कसं?" म्हणून त्या निघून गेल्या.

"काका, तुम्ही फक्त मीटर बघा," सदाशिव म्हणाला. तो हसला तेव्हा मला बरं वाटलं.

संध्याकाळी माजिवड्याला टाकीत सात पूर्णांक एक लिटर मावलं. मीटरवर सदुसष्ट पूर्णांक दोन किलोमीटर. मी भागाकार केला, मग वही उलटी धरून पुन्हा केला. नऊ पूर्णांक पाचाच्या जरासा खाली.

चावी दिवसभर माझ्या खिशात होती. मी पाच मिनिटांच्या वर गाडीपासून दूर गेलो नव्हतो. आणि आकडा महिन्याभराच्या आकड्यापेक्षाही किंचित कमीच होता.

बुधवार: पुन्हा तोच रस्ता

दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, त्याच टोपल्या. फाटकावर या वेळी एकोणतीस मिनिटं. कल्याणच्या मंडईत बर्फाच्या पाण्यात माझी वही पडली आणि सकाळचे दोन आकडे पुसले गेले. सुदैवानं ते मला पाठ होते. तेव्हापासून मी पेन सोडून पेन्सिल वापरू लागलो, आजतागायत.

संध्याकाळी सहा पूर्णांक नऊ लिटर. सहासष्ट पूर्णांक आठ किलोमीटर. दोन दिवसांचे मिळून एकशे चौतीस किलोमीटर, चौदा लिटर. लिटरला साडेनऊच्या किंचित वर. कोणाची नजर नसताना महिनाभर जेवढं पडत होतं, जवळजवळ तेवढंच मी शेजारी चावी घेऊन बसलेलो असतानाही पडलं. याचा अर्थ एकच होता.

तो अर्थ सांगायला मी मावशीच्या घरी गेलो. तिनं जेवल्याशिवाय बोलू दिलं नाही. खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण होतं, तांदळाची हातावरची भाकरी आणि कांदा. आमच्याकडे कालवणात नारळ पडतोच. इथं नारळ नाही, नुसती चिंच, लसूण आणि घरचा लाल मसाला. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्या घासाला मी वाटी पुढे केली. सदाशिवची बायको दारात मुलीला घेऊन उभी होती. आत या म्हटलं तरी येत नव्हती.

"मावशी," मी हात धुऊन म्हणालो, "यानं एक थेंब विकलेला नाही."

"मग पंधरा कुटं गेले?" मावशीनं लगेच विचारलं. "तू बसलेला म्हनून हात आखडून चालवली असंल."

"हात आखडून चालवली असती तर आकडा वाढला असता. वाढला नाही. तेवढाच आला."

"तुजं गनित मना नको सांगू भाऊ. तुज्याच गनितानं मी त्याला चोर बोलले ना? आता तुज्याच गनितानं साव बोलू?"

तिचं बरोबर होतं. रविवारी माझा शब्द तिला पुरला होता, बुधवारी पुरत नव्हता, आणि याला जबाबदार मीच होतो.

"कंपनीचा कागद आहे का?" मी विचारलं.

देवाच्या तसबिरीमागून तिनं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला रंगीत कागद काढला. हिरव्या डोंगरात उभी पिवळी गाडी, खाली मोठ्या अक्षरांत पंधरा आणि पंधराच्या डोक्यावर मोहरीएवढी चांदणी. त्या चांदणीचा जोडीदार कागदाच्या अगदी तळाशी सापडला. मी चष्मा काढून कागद नाकाशी धरला. सपाट कोरडा रस्ता, एकसारखा मध्यम वेग, प्रमाणित चाचणीची परिस्थिती. प्रत्यक्षात फरक पडू शकतो.

"काय लिवलंय?"

"तुमची गाडी रिकामी असावी, रस्त्यात खड्डे नसावेत, फाटक नसावं आणि मोहने नसावं, असं लिहिलंय."

"जल्लं मेलं त्यांचं लिवनं!" मावशी म्हणाली. पण ती हसली नाही. हा कागद मी रविवारीच मागायला हवा होता. मी ऐकीव पंधरावर भागाकार करून मोकळा झालो होतो. कारखान्यात कोणी असं केलं असतं तर मी त्याला दुसऱ्यांदा कागदाला हात लावू दिला नसता.

"उद्या गुरुवार," मी म्हणालो. "मासळीला गिऱ्हाईक कमी. उद्या रिकामी गाडी नाशिक रस्त्यावर नेऊ, कागदात लिहिलंय तशी चालवू. आणि तुम्ही स्वतः बसा. माझ्या वहीवर विश्वास नको, डोळ्यांनी बघा."

"मना आकडे नाय वाचता येत."

"रस्त्यावरचे दगड मोजता येतील ना?"

"इसापत्तुर मोजते," ती म्हणाली. "आमी मासली तशीच मोजतो."

गुरुवार: वीस दगड

सकाळी आठला माजिवड्याच्या पंपावर भेटायचं ठरलं. टाकी काठापर्यंत भरून आम्ही उभे. मावशीचा पत्ता नाही. पंपाजवळच्या टपरीवाल्यानं निरोप दिला, पूजा राहिली आहे, येते, इंजिन चालू ठेवा, लगेच निघायचंय. ती बरोबर एका तासानं आली. इतका वेळ सदाशिवनं हुकुमाप्रमाणे इंजिन चालू ठेवलं आणि मी आधी चिडलो, मग मला सुचलं. मावशी आल्यावर निघण्याआधी मी टाकी पुन्हा भरायला लावली. शून्य पूर्णांक सात लिटर मावलं. म्हणजे गाडी जागेवर उभी राहून तासाला पाऊण लिटरच्या जवळपास पीत होती. मंगळवारी फाटकावर, मंडयांमध्ये, नाक्यांवर मिळून एक तास बारा मिनिटं ती उभी होती. वहीत होतं ते.

"मावशी, भरल्या गाडीचं इंजिन बंद करायचं नाही, हे कशासाठी?"

"कशासाटी म्हंजे?" तिला प्रश्नच विचित्र वाटला. "भरली होडी खाडीच्या तोंडाशी आली नि मशीन बंद केली, तं लाट होडीला कुटं घेऊन जाईल? माझा बाप सांगायचा, माल आत असंपत्तुर मशीन बंद नाय."

सदाशिवनं आणि मी एकमेकांकडे बघितलं. फाटकावर लाट नसते हे सांगायचं धैर्य आमच्या दोघांत नव्हतं.

मावशी खिडकीशी बसली, मी मध्ये गियरच्या दांड्याला गुडघा सांभाळत. तिनं मांडीवर सुक्या बोंबलांची एक जुडी घेतली होती. दगड दिसला की एक बोंबील समोरच्या फळीवर ठेवायचा, अशी तिची पद्धत. पंपाजवळच्या दगडाशी गाडी थांबवून मी मीटरचा आकडा लिहून घेतला, हा दगड शून्याचा, याचा बोंबील नाही असं मावशीला सांगितलं आणि निघालो.

रिकामी गाडी कागदावरच्या गाडीसारखी पळत होती. सदाशिवनं काटा पंचेचाळीसवर ठेवला तो हलू दिला नाही. खारेगावच्या पुलावरून खाडी निळी दिसत होती. मग गोदामं, मग शेतं, भाताच्या कापणीनंतर उरलेले खुंट, गवताचे भारे भरलेल्या बैलगाड्या. मावशी एरवी या रस्त्यानं कधी आली नव्हती. "कोरडाच देश हाय हा," असं दोनदा म्हणाली, जरा कीव केल्यासारखं. दोन ठिकाणी दगड नव्हते, एका ठिकाणच्या दगडाचा तर देव करून शेंदूर फासला होता, आकडा दिसत नव्हता. पुढच्या दगडाचा आकडा बघून मी त्यांचेही बोंबील ठेवायला सांगितले. ऊन फळीवर आलं तसा आत वास असा दरवळला की मागून ओव्हरटेक करणाऱ्या ट्रकवाल्यानं मान वळवून बघितलं.

विसावा दगड आला. "थांब," मावशी म्हणाली. तिनं बोंबील मोजले. एक वीस पुरे. "बरोबर. मीटर काय बोलतं?"

मी मीटर वाचला. वजाबाकी केली. मग खाली उतरून दगडावरचा आकडा जवळ जाऊन बघितला आणि परत येऊन पुन्हा वजाबाकी केली.

"अठरा पूर्णांक चार."

"अठरा बोंबील?"

"अठरा आणि अर्ध्याला जरा कमी."

मावशीनं फळीवरून एक बोंबील उचलला, दुसऱ्याचा शेपटीकडचा तुकडा मोडला आणि दोन्ही माझ्यासमोर धरले. "म्हंजे मीटर मेलं दीड बोंबील खातंय."

इतक्या सोप्या शब्दांत मला ते मांडता आलं नसतं. गाडी वीस किलोमीटर चालत होती आणि मीटर साडेअठरा सांगत होता. आणि मी महिनाभराच्या त्याच मीटरवर भागाकार करून एका माणसाची खोली काढून घेण्यापर्यंत गेलो होतो.

"केबल खराब असेल," सदाशिव म्हणाला. पण केबल खराब असली तर काटा थरथरतो, कधी चालतो, कधी नाही. हा मीटर प्रत्येक किलोमीटरला सारखंच खात होता. माझ्या मनात आलं की मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता नाही. मी गाडीखाली वाकलो. स्टेपनी पाळण्यात बांधलेली होती, कंपनीची, नवीकोरी. चाकं मात्र तिच्यासारखी दिसत नव्हती.

सदाशिवनं स्टेपनी काढली. टायरला खडूची खूण करून ती रस्त्यावर एक पूर्ण फेरा फिरवली आणि सुतळीनं अंतर धरलं. मग तसंच चाकाचं: चाकाला खूण केली, गाडी एक फेरा पुढे घेतली. माझ्या खिशात टेप होता. स्टेपनी दोनशे सव्वीस सेंटिमीटर. चाक दोनशे पंचेचाळीस. मोठं चाक एका फेऱ्यात एकोणीस सेंटिमीटर जास्त रस्ता कापत होतं आणि मीटरला त्याचा पत्ता नव्हता. भागाकार करून बघितला, दीड बोंबील बरोबर तिथेच निघाला.

"हे मोठे टायर कोणी घातले?"

सदाशिव दूरच्या शेताकडे बघू लागला. त्याला उत्तर माहीत होतं आणि ते त्याला आपल्या तोंडानं द्यायचं नव्हतं.

मावशी रस्त्याच्या कडेला, विसाव्या दगडावर बसली होती.

"मीच," ती म्हणाली. "भरतीचं पानी बंदराच्या गल्लीत येतं. गाडी खाली होती, सायलेन्सरात पानी जायचं. तं जीपचे टायर घातले. होडी जशी वर पायजे तशी." मग तिनं गाडीकडे हात केला. "नि मशीनपन मीच बंद करू नाय दिली."

"आणि मीटर खरा धरून हिशेब मी केला," मी म्हणालो. "कागद न बघता." मग मी सदाशिवकडे वळलो. हे वाक्य मी मनात तयार केलं होतं, तरी नीट आलं नाही. "सदाशिव, माझं चुकलं."

"मीटरचं चुकलं काका."

"मीटर तपासायचं काम हिशेब करणाऱ्याचं असतं."

तो सुतळी गुंडाळत राहिला. खूप वेळ, इतक्या छोट्या सुतळीला लागू नये इतका वेळ.

परत येऊन टाकी भरली. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरला दोन पूर्णांक नऊ लिटर. लिटरला पावणेचौदाच्या जरा वर. रिकामी गाडी, सरळ रस्ता, काट्यावर नजर, तरीही कागदातले पंधरा आले नाहीत. मग अठरा टोपल्या, सहा लाद्या, कशेळी-भिवंडीचे खड्डे आणि रोजचा तासभर उभं राहणं यांत गाडी साडेदहाच्या आतबाहेर देते याचं नवल नव्हतं. मीटरची चूक धरली तर महिन्याचा खरा आकडा तेवढाच निघतो, आणि पहिल्या दोन दिवसांचे एकशे चौतीस किलोमीटर खरे एकशे पंचेचाळीस होतात. मी हे सगळं मावशीला सांगत होतो, पण ती ऐकत नव्हती.

बाळकुमला पोचलो तेव्हा सदाशिवची बायको दारातच उभी होती. खोलीच्या बाहेर एक ट्रंक बांधून ठेवलेली होती. मावशीनं ती बघितली आणि आत गेली. बाहेर आली ती एक पाटी घेऊन. गुरुवारची, न गेलेली मासळी. अंगणात बसून तिनं वाटे घालायला सुरुवात केली. होडी आली की कोळी असेच वाटे घालतात, तराजू नाही, नुसता हात आणि डोळा. प्रत्येक खलाशाचा एक वाटा, जाळ्याचा एक, होडीचा एक. पहिला वाटा तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्याचा. तिनं तीन वाटे घातले, शेवटचा होडीचा, म्हणजे तिचा स्वतःचा. पहिल्यात दोन मोठी पापलेटं गेली.

"ए तांडेल," ती म्हणाली, "उचल तुजा वाटा. नि ती ट्रंक आत ने. वाटेत पाय अडकतो माजा."

सदाशिवची बायको पुढे आली. मुलगी मावशीच्या मांडीवर दिली आणि स्वतः वाटा उचलला. ट्रंक सदाशिवनं आत नेली.

"भाऊ, चावी," मावशीनं माझ्यापुढे हात केला. मी टाकीची चावी दिली. तिनं ती सदाशिव बाहेर येईपर्यंत मुठीत धरली आणि त्याच्या हातात टेकवली. दुसरा वाटा माझा होता. मी नको म्हणालो, कारण मी खलाशी नव्हतो, उलट होडी बुडवायला निघालो होतो. "मग काय तुज्या बायकोला मी सांगू, तीन दिवस मोहन्याला जाऊन नवरा रिकाम्या हातानं आला?" असं ती म्हणाली. तेव्हा घेतला.

घरी आल्यावर मी आधी स्कूटरच्या पुढच्या टायरचा घेर मोजला. चार वर्षांपूर्वी बदललेला तो टायर जरा वेगळ्या बनावटीचा होता. नऊ वर्षांच्या वहीतली चार वर्षं दुरुस्त करायला मला दोन रविवार लागले. बायको म्हणाली, काश्मीर स्वस्त पडलं असतं.

महिनाभरानं ठाण्याच्या मंडईबाहेर ती पिकअप दिसली. सदाशिव टोपल्या उतरवत होता. इंजिन बंद होतं. मुलीचं बारसं झालं, नाव हिरा ठेवलं म्हणाला. मी खिडकीतून आत बघितलं. आरशाला लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या आणि त्यांच्या खाली दोऱ्यात ओवलेला एक अख्खा सुका बोंबील आणि एक तुटका.

"मावशीनं बांधलंय," सदाशिव म्हणाला. "म्हणाली, मीटरकडे बघायच्या आधी याच्याकडे बघायचं."